माफ कुणी करायचं आणि सुपारी कुणाला द्यायची

वाळवा तालुक्यातल्या एका गणेश मंडळाच्या सचिवांनी प्रश्न विचारलाय. थोडक्यात तो असा: "यंदाच्या गणपतीत आम्ही एका नावाजलेल्या विनोदी नटाच्या कार्यक्रमाची सुपारी ठरवली आहे. निम्मे पैसे पोचलेत. मागच्या महिन्यात त्याची एक क्लिप फिरली. मुलाखतीत सोबतच्या अभिनेत्रीच्या साडीवरून तो म्हणाला, 'भांगलायला (शेतातलं तण खुरपायला) चाललीस काय? चार भांगलणाऱ्या बायकांत उभी केली तर नुसत्या वासावरून निवडावी लागेल तुला.' गदारोळ झाला. एका कंपनीने जाहिरात काढून घेतली, चौथ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकून माफी मागितली. मंडळात आता दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात कार्यक्रम रद्द करा, आला तर काळं फासू. निम्मे म्हणतात माणूस आहे, चुकतो, माफ करून टाका. माझी आई स्वतः २० वर्षं भांगलायला जाते. ती म्हणते, सोडून दे. माफी खरी आहे का हे कसं ओळखायचं, आणि आम्ही माफ करावं का?"

मी सांगलीत २६ वर्षं वकिली करते. त्यातली गेली १४ वर्षं जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रातही बसते. माझ्यासमोर नट येत नाहीत. येतात ते भाऊबंद, नवरा-बायको, दुकानदार आणि घरमालक, मधूनच अब्रुनुकसानीचं एखादं प्रकरण. पण माफी मागणारी आणि माफी नाकारणारी माणसं मी शेकड्याने बघितली आहेत. त्या हिशोबाने लिहिते. तुमच्या गावातली माणसं मला माहीत नाहीत, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तिथे जाऊन ताडाव्या लागतील.

मी अडले ती तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या "आम्ही"पाशी. हे आम्ही म्हणजे कोण? मंडळाच्या बैठकीला बसणारे वीस-बावीस पुरुष, बरोबर? त्यातल्या किती जणांच्या हातात खुरपं असतं? माझा अंदाज आहे की रद्द करा म्हणणारे आणि माफ करा म्हणणारे दोन्हीकडचे लोक एका बाबतीत सारखे आहेत. ज्या बायकांबद्दल तो बोलला त्या दोन्ही तटांत नाहीत. एक तट त्यांच्या वतीने रागावलाय, दुसऱ्याने त्यांच्या वतीने मोठं मन केलंय. बायकांना कुणी विचारलेलं नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्या नटाला माफ करायचं का, हा एक. त्याला तुमच्या मांडवात, तुमच्या पैशाने, माईक द्यायचा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायचा हक्क मंडळाला नाही. दुसऱ्याचं उत्तर मंडळालाच द्यावं लागेल, तिथून पळता येणार नाही. लोक यातला एक प्रश्न सोडवून दुसरा सुटला असं समजतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एखाद्याला माफ करूनही "यंदा नको" म्हणता येतं. आणि एखादीने माफ केलेलं नसतानाही "येऊ दे त्याला, तोंडावर बोलायचंय मला" असं ती म्हणू शकते. मी दोन्ही बघितलंय.

आता तुमच्या आईंचं. "सोडून दे" हे वाक्य मी केंद्रात इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी पेन खाली ठेवते. सोडून देणं आणि माफ करणं यात फार अंतर आहे. सोडून देणारी बाई बहुतेक वेळा हिशोब करून बोलत असते: यात पडून माझा एक दिवसाचा रोज बुडणार, वर चार माणसांत माझंच नाव निघणार, आणि हाती काय लागणार? हे शहाणपण आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण तुम्ही ते "आईने माफ केलं" असं बैठकीत सांगू नका. तुमच्या आईंचं वाक्य मंडळातल्या "माफ करून टाका" गटाने एव्हाना वापरलं नसेल तर मला नवल वाटेल.

आणि रद्द करा म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय, जरा टोचेल. ही क्लिप तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्याखाली काय पडलं होतं? वर जाऊन बघा. हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे असतील तर कुणाचे आहेत तेही बघा. राग आल्याची तारीख आणि क्लिप बघितल्याची तारीख यात अंतर असेल, तर तो राग क्लिपचा नसून गदारोळाचा आहे. असा राग खोटा असतोच असं नाही, कधी कधी दुसरं कुणी दाखवून दिल्यावरच आपल्याला दिसतं. पण काळं फासायची भाषा करण्याआधी हे माहीत असावं.

माफीचा पत्ता चुकण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार धरणातल्या पाण्यावरून इंदापूरकडच्या सभेत जे बोलले ते सगळ्यांना आठवत असेल. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ, दिवसभर आत्मक्लेश म्हणून बसले. उपमुख्यमंत्र्याने एक दिवस उपाशी बसणं ही लहान गोष्ट नव्हे. तरी माझ्यातली मध्यस्थ तेव्हाही म्हणत होती की ज्याच्या घरी टँकर येत नव्हता तो माणूस कराडला नव्हता. समाधीसमोर बसून स्वतःच्या मनाशी हिशोब होतो. ज्याला बोललो त्याच्याशी तो वेगळा करावा लागतो.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत अशा लहान गोष्टी होतात, अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य आर. आर. आबांच्या तोंडून गेलं आणि १ डिसेंबरला त्यांना उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं सोडावं लागलं. वर्षभरात विधानसभेची निवडणूक झाली, तासगाव-कवठेमहांकाळने त्यांना निवडून दिलं आणि ते परत गृहमंत्री झाले. आम्ही सांगलीकर त्यावर अजूनही भरून बोलतो: माणूस मनाने निर्मळ, जीभ घसरली, किंमत मोजली. मीही तेच म्हणते. गावात मिटवता येण्यासारखे तंटे गावातच मिटावेत म्हणून २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आणणारा हा माणूस, माझ्या कामाशी त्यांचं नातंच आहे. पण स्वतःला विचारलं तर कबूल करावं लागतं की आम्ही माफ केलं त्यात आमचं काय गेलं होतं? ज्यांचं माणूस सीएसटीवर गेलं, त्यांना तासगावात मत नव्हतं.

तिसरं क्रिकेटमधलं. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बसले आणि पंड्याने बायकांबद्दल नको ते बोलून ठेवलं. बीसीसीआयने ११ जानेवारीला दोघांना निलंबित केलं, ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, २४ जानेवारीला निलंबन उठवलं आणि एप्रिलमध्ये बीसीसीआयच्याच लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. मला यातली एक गोष्ट आवडली. शिक्षेला माप होतं. अमुक इतके दिवस, अमुक इतके रुपये, आणि मग खेळायला मोकळे. आपल्याकडे एरवी असं होत नाही. एक तर आठ दिवसांत सगळे विसरतात, नाही तर माणसाला दहा वर्षांनीही तीच क्लिप दाखवतात. पण तो दंड गेला कुठे? कामावर असताना मरण आलेल्या निमलष्करी जवानांच्या कुटुंबांना आणि अंध क्रिकेटच्या निधीला. दोन्ही कामं चांगली, तक्रार नाही. ज्यांच्याबद्दल बोलणं झालं त्यांचा मात्र त्यात कुठेच संबंध आला नाही.

आता खरी माफी ओळखण्याचं. तुम्ही लिहिलंय की जाहिरात गेल्यावर चौथ्या दिवशी त्याने माफी मागितली; म्हणजे ती खोटी असावी, अशी शंका त्यात दिसते. यावर मी तुमच्याशी सहमत नाही. माझ्याकडे आजवर कोर्टाची नोटीस न जाता आपणहून कुणी माफी मागायला आलेलं नाही. सगळे दबावाखालीच येतात. दबावाने माणूस दारापर्यंत येतो, आत आल्यावर तो काय करतो ते मी बघते. मनात काय आहे ते मला दिसत नाही आणि ते शोधायचं मी कधीच सोडून दिलं.

काय बघते ते एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका यात्रेत ऑर्केस्ट्रा होता. निवेदक आसपासच्या चार तालुक्यांत नाव असलेला, लोक गाण्यांपेक्षा त्याच्या कोट्या ऐकायला यायचे. दोन गाण्यांच्या मधे त्याने पुढच्या रांगेत बसलेल्या एका आशा सेविकेवर कोटी केली. घरोघरी जाण्यावरून होती, एवढं पुरे. मैदान हसलं. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं बाईंच्या मागून तेच वाक्य म्हणायला लागली. बाईंनी अब्रुनुकसानीची फिर्याद दिली, पुढे प्रकरण आमच्याकडे आलं.

त्याच्या वकिलांनी माफीनामा टाइप करूनच आणला होता. "माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्याही भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो." बाईंनी कागद वाचला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काय बोलला होतात ते एकदा म्हणून दाखवा."

हजारभर माणसांसमोर माईकवरून म्हटलेलं वाक्य त्याला चौघांच्या खोलीत म्हणता येईना. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. वकील म्हणाले, "मॅडम, त्याची काही गरज नाही." मी त्यांना थांबवलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी तो बोलला, अगदी खालच्या आवाजात, आणि शेवटचा शब्द गिळला. बाई म्हणाल्या, "अजून एक शब्द होता."

त्याने तो शब्दही म्हटला. मग जे बोलला त्यात "असल्यास" नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच यात्रेत, त्याच स्टेजवरून त्याने चूक कबूल करायची असं लेखी ठरलं आणि त्याने ते केलं. बाई ऐकायला गेल्याच नाहीत. नंतर भेटल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, याद्या करत बसले होते. आणि मला कशाला ऐकायचंय? मी खोलीत ऐकलं. पोरांनी ऐकायला पाहिजे होतं." त्यांनी त्याला माफ केलं का, हे मी विचारलं नाही.

तर तुमच्या नटाचा तो व्हिडिओ या नजरेने परत बघा. "भांगलणाऱ्या बायका" हे शब्द त्याने माफी मागताना एकदा तरी उच्चारलेत का, की "समाजातील एका घटकाच्या" असं म्हणून पुढे गेला? "माझी आजीही शेतात राबायची" हे आलं असेल, बहुतेक येतंच; ते आल्यावर त्याने किती वेळ स्वतःची बाजू मांडली? आणि त्यानंतरच्या महिन्याभरात त्याचे कार्यक्रम झाले असतील तर त्यांत काय बोलला? काही जण माफी मागतात आणि पुढच्या गावात "आता मी काही बोलणार नाही बाबा, परत माफी मागावी लागेल" म्हणून त्याचाच विनोद करून टाळ्या घेतात. तसं असेल तर तुम्हाला माझ्या उत्तराची गरजच उरत नाही.

इथे कुणी म्हणेल की जर-तरची माफी नेहमी खोटीच का? नाही. माझ्या शेजारच्या जैन काकू दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की येतात आणि हात जोडून म्हणतात, "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." मीही तेच म्हणते. वाक्य तेच, "असेल तर" सकट, आणि दरवर्षी बरं वाटतं. कारण तिथे दोघी मागतो, दोघी देतो, आणि विशिष्ट असं काही घडलेलं नसतं. चूक समोर व्हिडिओत दिसत असताना "असेल तर" म्हणणं म्हणजे ती झाली की नाही याचा निकाल समोरच्यावर टाकणं. पर्व आणि गणपती दरवर्षी जवळपास एकाच दिवसांत येतात. तुमच्या गावात जैन घरं असतील तर मंडळाच्या पोरांना काकूंकडून ऐकायला पाठवा, मी वेगळं काय सांगणार.

पोलिसात जायचं का, असंही कुणीतरी बैठकीत म्हणेलच, म्हणून दोन वाक्यं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात अब्रुनुकसानीचं कलम ३५६ आहे. त्यासाठी व्यक्ती किंवा ओळखता येईल असा ठरावीक गट लागतो, राज्यभरातल्या भांगलणाऱ्या बायका हा तसा गट धरला जाणं अवघड. कलम २९९ धर्मभावनांचं आहे, त्याचा इथे संबंध नाही. वक्तव्यात जातीचा उल्लेख असता तर मी पूर्ण वेगळं उत्तर लिहिलं असतं, तेव्हा मूळ मुलाखत पूर्ण ऐका, तुकडा नको. आणि काळं फासलंत तर त्या दिवसापासून बातमी तुमची होईल, गुन्हाही तुमच्यावर, आणि त्याची सुटका.

मग करायचं काय? मंडळाचं पावती पुस्तक काढा. मागच्या वर्षीचं असेल तर उत्तम. ५१ आणि १०१ च्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत ते बघा. नाव घरच्या पुरुषाचं असेल, पैसे बहुतेक वेळा बाईच्या पदराच्या गाठीतले. म्हणजे त्या नटाला जे पैसे जाणार त्यात भांगलणीचा रोज आहे. त्यामुळे विचारायला जाताना उपकार करतोय असं तोंड करून जाऊ नका. ज्यांची वर्गणी आहे त्यांना विचारायला जाताय.

गावसभा घेऊ नका. माईक लावून "महिलांनी आपली मतं मांडावीत" म्हटलं की पोलीस पाटलांची सून आणि बचत गटाच्या अध्यक्षा बोलतील, बाकीच्या पदर तोंडाला लावून बसतील. दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला बांधावर जा. हळदीत, भुईमुगात सध्या भांगलणीच्या टोळ्या आहेतच. तुम्ही स्वतः जाण्यापेक्षा एखादी ओळखीची बाई गेली तर जास्त बरं. मोबाइल खिशात. क्लिप सगळ्यांनी पाहिली असेल असं धरू नका, आणि पाहिली नसेल तर दाखवायची का हेही आधी विचारा. कारण नसताना ते वाक्य कुणाच्या कानात घालायचं नाही. मग दोन प्रश्न, वेगवेगळे. हे ऐकून काय वाटलं? आणि त्याला गणपतीत आणावं का? "माफ केलं का?" हा तिसरा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर "हो" असंच द्यावं लागतं, विशेषतः सचिवांच्या तोंडावर.

बायका आणू नका म्हणाल्या, तर करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा आणि दोन ओळींचं पत्र पाठवा. गावातल्या महिलांची इच्छा नाही म्हणून यंदाचा कार्यक्रम रद्द करत आहोत, एवढंच. पुतळा नाही, बोर्ड नाही, पत्रकार नाही. "यंदाचा" हा शब्द मुद्दाम ठेवा, पुढच्या वर्षी परत विचार करता येतो. दिलेले पैसे कदाचित पूर्ण मिळणार नाहीत, ते मंडळाने सोसावेत.

आणू द्या म्हणाल्या, तर कार्यक्रमाच्या आधी त्याने तासभर लवकर यावं आणि ज्यांना यायचंय अशा बायकांना भेटावं. कॅमेरा नाही, मंडळाचे पदाधिकारी दाराबाहेर. तो यायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. तयार असेल तर त्याच्या मॅनेजरचा फोन येईल आणि तो विचारेल, "किती महिला आहेत? साड्या वाटू या का?" तिथे ठाम नाही म्हणा. साडी घेतली की बाईचं तोंड बंद झालं असा त्याचा हिशोब असतो, आणि दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात.

एक शक्यता उरते. बायकांमध्येही दोन तट पडतील. पडोत. एकीला राग असेल, दुसरीला त्याचा सिनेमा आवडत असेल, तिसरी म्हणेल की हे असलं आमचा मुकादमही रोज बोलतो, त्याचं काय करताय ते आधी सांगा. हे तिसरं वाक्य आलं तर बैठकीच्या वहीत जसंच्या तसं लिहून घ्या. नट एका रात्रीचा पाहुणा आहे, मुकादम तुमच्याच गावचा. कदाचित मंडळाचा सभासदही असेल.

आईंना मात्र बांधावर विचारू नका, टोळीतल्या बायकांसमोर त्या तेच परत म्हणतील. घरी विचारा, रात्री, भांडी झाल्यावर. "तू सोडून दे म्हणालीस, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी?" एवढंच. त्या काय म्हणाल्या ते मला कळवलं नाहीत तरी चालेल.